शेजारच्या देशातील देवघेव : नेपाळयात्रेतील नाण्याचा विचार

व्यापाऱ्याच्या मुलास पेढीवर पहिला धडा रोजकीर्दीचा मिळतो आणि दुसरा पत राखण्याचा. हाती रोकड किती आहे हे रोजकीर्द सांगते. रोकड संपल्यावर निभाव कसा लागेल हे पत सांगते. आपल्या गावी या दोन्ही गोष्टी आपल्या हाती असतात. परंतु देशाची सीमा ओलांडताच खिशातील नोट तीच राहूनही तिचे मोल बदलते, आणि आपणास ओळखणारा कोणी नसतो. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे सम्मेदशिखर, राजगृह व पावापुरी येथील यात्रा आटोपून पुढे नेपाळकडे वळतात. त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हा विषय येथे मांडीत आहे.

प्रथम स्वतःचीच फजिती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१९ साली आम्ही कुटुंबातील पाच माणसे सुनौलीच्या नाक्यावरून नेपाळात शिरून पोखरा येथे पोहोचलो. माझ्या कमरेस पाचशेच्या नोटांची गड्डी होती आणि मनात असा भरवसा होता की, भारताचा रुपया तेथे चालतोच. शुक्रवारी सायंकाळी सौभाग्यवतीस एकाएकी उलट्या व धाप सुरू झाली. वैद्यांनी तपासून औषधे व सुया लिहून दिल्या. औषधाच्या दुकानदाराने मात्र माझी नोट हातात घेऊन नम्रपणे परत केली. "शंभराची असेल तर द्या, ही आम्हांस घेता येत नाही," असे तो म्हणाला. शंभराच्या नोटा वाटेतच खर्च झाल्या होत्या. पुतण्याने बँकेचे कार्ड पुढे केले. परंतु ते परदेशातील वापरासाठी खुले केलेले नसल्याने यंत्राने नाकारले. दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे तेथील साप्ताहिक सुटी. गड्डीभर पैसा जवळ असून मी त्या रात्री निर्धन होतो.

शेजारी धान्याचे दुकान होते. मालक दुकान आवरीत होता. काय बोलावे ते न सुचून मी पोत्यातील तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला, आयुष्यभराची सवय! त्याने विचारले, "आपण धान्याचे व्यापारी काय?" मी हकीकत सांगितली. त्याने गल्ल्यातून चार हजार नेपाळी रुपये काढून दिले. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. मी अंगठी काढू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "शेठजी, आपण दोघे एकाच तागडीचे. आधी औषध आणा." पहाटेपर्यंत सौभाग्यवतीस उतार पडला. सकाळी पुतण्याने दूरध्वनीवरून आपल्या बँकेकडून कार्ड खुले करून घेतले, यंत्रातून नेपाळी रुपये काढले, आणि आम्ही ऋण फेडले. व्याजाचा शब्द काढताच त्या गृहस्थाने हात जोडले.

या प्रसंगात चूक सर्वस्वी माझी होती. ती का घडली, हे आता पाहू.

एके काळी नेपाळच्या तराईत भारतीय नाणे सर्रास चाले. १९५६ साली नेपाळ राष्ट्र बँकेची स्थापना झाली व त्यानंतर नेपाळी चलनाचा प्रसार देशभर करण्यात आला. १९९३ पासून भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये असा दर बांधलेला आहे. तेथील लोक भारतीय रुपयास 'भारू' व नेपाळी रुपयास 'नेरू' म्हणतात. दोन्ही देशांत 'रुपया' हा एकच शब्द असल्याने प्रवाशाची गफलत होते. कोणी 'एक हजार' म्हटले तर तो आकडा भारूचा की नेरूचा, हे आधी विचारावे. एक हजार नेरू म्हणजे आपले केवळ ६२५ रुपये; पण एक हजार भारू म्हणजे तेथील १६०० रुपये. हिशेबाची रीत सोपी आहे: नेपाळी रकमेस पाचाने गुणून आठाने भागावे. ८०० नेरूचे ५०० भारू, ४८० नेरूचे ३०० भारू. लहान मुलेही हे तोंडी करू शकतील.

आता नोटांविषयी. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतात पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. तेव्हा नेपाळी जनतेजवळ व तेथील राष्ट्र बँकेत असलेल्या नोटा अडकून पडल्या. पोळलेल्या माणसाने ताकही फुंकून प्यावे यात नवल नाही. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ शासनाने शंभराहून मोठ्या भारतीय नोटा बाळगण्यास व चालविण्यास बंदी केली. माझी गड्डी निरुपयोगी ठरली ती या कारणाने. त्या दुकानदाराने माझा अविश्वास केला नव्हता. तो आपल्या देशाचा कायदा पाळीत होता. २०२५ च्या अखेरीस हा निर्बंध सैल करण्याची पावले पडली आहेत. तथापि नियम बदलणे निराळे आणि दुकानदाराच्या मनातील भीती जाणे निराळे. सबब निघण्यापूर्वी बँकेत नवा नियम विचारावा, आणि तो कसाही असला तरी शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात.

अन्य देशांत जाताना आपण बँकेकडून परकीय चलन घेतो. नेपाळ व भूतान यांच्या प्रवासासाठी मात्र ते मिळत नाही. डॉलर भरलेली प्रवासी कार्डेही तेथे चालत नाहीत. तेथे आपले नेहमीचे बँककार्डच कामी येते. आपल्या पूर्वजांची हुंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांस कार्डाचे तत्त्व समजणे कठीण नाही. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत, कारण दूरच्या गावच्या पेढीस हुंडी लिहिणाऱ्याची पत मान्य असे. कार्डातही एक बँक दुसरीस तीच ग्वाही देते. परंतु हुंडी सिकारली जावी म्हणून आगाऊ पत्र धाडीत, तद्वत् कार्डाचीही पूर्वतयारी लागते. भारतात २०२० पासून नवे कार्ड केवळ देशातील वापरासाठी खुले असते. परदेशातील वापर आपणच सुरू करून घ्यावा लागतो. यंत्रातून पैसे काढताना तेथील व आपली अशा दोन्ही बँका आकार लावू शकतात. म्हणून थोडे थोडे अनेकदा न काढता एकदाच बेताने काढावेत.

मार्च २०२४ पासून नेपाळातील फोनपे या संस्थेच्या चौकटीचिन्हावर आपल्या यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. आपल्याकडील त्याच उच्चाराची संस्था निराळी, हे ध्यानी असावे. सोय उत्तम आहे. परंतु आपली बँक व आपल्या फोनमधील साधन ती देतात काय, आणि फोनची जोडणी परदेशात चालू राहील काय, हे घरीच तपासावे. डोंगरात जोडणी तुटली म्हणजे रोख रक्कमच उपयोगी पडते.

सारांश पुढीलप्रमाणे :

१. मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र जवळ असावे.
२. रोकड तिघांत वाटून ठेवावी. एकाच कमरेस बांधू नये.
३. निरनिराळ्या बँकांची दोन कार्डे परदेशासाठी खुली करून न्यावीत.
४. नेपाळात पोहोचताच औषधपाण्यापुरते नेपाळी रुपये घ्यावेत.
५. उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदलावेत. आपल्या पेठेत ते कोणी घेणार नाही.
६. बदलाची पावती जपावी व खर्च त्याच रात्री वहीत मांडावा.

भूतानचे नाणे, ङुल्ट्रम, आपल्या रुपयाच्या बरोबरीचे असल्याने तेथे गुणाकाराची गरज नाही. मात्र तेथेही ङुल्ट्रम संपवूनच परतावे.

त्या धान्यवाल्या बंधूस मी दरवर्षी दिवाळीस पत्र पाठवितो. माझ्या रोजकीर्दीत ते चार हजार जमा होऊन फिटलेही. परंतु त्या रात्रीचे देणे कोणत्या खात्यावर मांडावे, ते मला अद्याप उमगलेले नाही. आपल्या दुकानाच्या पायरीशी एखादा परदेशी वाटसरू गोंधळून उभा राहिला, तर ते खाते थोडेफार फेडण्याची संधी आली असे समजावे, एवढीच सभासद बंधुभगिनींस विनंती.