जुडी, पेंढी, मोळी आणि पाठांतर

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. समूहदर्शक शब्द रात्री घडाघडा म्हणून दाखवतो. आठवड्याने विचारले तर निम्मे विसरलेले. निबंधात तर त्यातला एकही येत नाही. शब्दसंपत्तीचे आणखी एखादे पुस्तक आणावे का?
– एक आई, अवसरी खुर्द

उत्तर : नको. आहे तीच यादी पुरे, फक्त तिचा क्रम मोडा. जुडी, थवा, रास, मोळी, कळप, उतरंड, पेंढी हे शब्द चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्याला गट पाडायला सांगा. गट कोणते, ते तुम्ही सांगायचे नाही. कोथिंबिरीची जुडी, कडब्याची पेंढी, लाकडांची मोळी या बांधलेल्या. धान्याची रास ओतलेली. मडक्यांची उतरंड एकावर एक रचलेली. थवा आणि कळप जिवंत, हलते. हे त्याचे त्याला सापडू द्या. मग विचारा : पेंढी आणि मोळी दोन्ही बांधलेल्याच, तर लाकडांची पेंढी का म्हणत नाहीत? उत्तर चुकले तरी त्याला पुरते बोलू द्या. शब्दावर वाद घालताना तो शब्द पाच-सहा वेळा तोंडात येतो, तेही अर्थासकट. निबंधात उतरतो तो असा वापरलेला शब्द.

तुमच्याकडे कांदा-बटाट्याचे शिवार आहे, त्याचा फार उपयोग होईल. खुरपणे-खुरपणी, काढणे-काढणी, तोडणे-तोडणी हे तो रोज ऐकतो. त्यालाच मोजणी, पाहणी, तपासणी, मागणी जोडून द्या. पाणी आणि राणी तो हमखास याच गटात घालील. रागावू नका, त्यांच्यामागचे क्रियापद शोधायला लावा. सापडले नाही की त्या चिठ्ठ्या तोच बाजूला काढील.

समानार्थी शब्दांचीही घोकंपट्टी नको, चढउतार लावा. कोरडी, ओलसर, ओली, चिखल : यात वाफसा कुठे बसतो? त्यासाठी शेतात जा. मातीची मूठ दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, तो वाफसा. मूठ त्याची असावी. एका वेळी तीन-चार शब्द खूप झाले.

ही रीत जुनीच आहे. अमरकोशातले शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार वर्गांत आहेत. शेतीचे शब्द वैश्यवर्गात एकत्र भेटतात. मुले तोही पाठ करत, पण पाठ करताना एका विषयाचे शब्द शेजारी शेजारी येत.

प्रश्न : आम्ही भाताची ‘आवणी’ म्हणतो, पुस्तकात ‘लावणी’ आहे. मुलीला कोणता शब्द शिकवू?
– एक पालक, भीमाशंकर परिसर

उत्तर : दोन्ही, पण सुरुवात आवणीपासून. तो शब्द तिने चिखलात उभे राहून ऐकला आहे, त्यामुळे लावणी आणि लागवड त्याच्या आधाराने लगेच कळतील. घरचा शब्द अशुद्ध म्हणून खोडू नका. मूल बोलायचेच थांबते. तुमच्याच तालुक्याच्या पूर्वेकडची मुले कांदा ठेवायच्या जागेला बराखी म्हणतात, पुस्तकात कांदाचाळ असते, तिथेही हेच करावे. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा, ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. पहिला रकाना आजीला विचारून भरू द्या. त्यातले बरेच शब्द तुम्हालाही नवे असतील.