तबकडीवरचे १९७१

(द्वितीय वर्ष कला, समाजशास्त्र)

‘नॉस्टॅल्जिया’साठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे आणि मला तो मूळ शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. ‘रंज्’ या संस्कृत धातूचे दोन अर्थ आहेत : रंग देणे आणि मन रमविणे. आठवणीत मन रमते ते तिला थोडा रंग दिल्याशिवाय नव्हे, ही कबुली त्या शब्दातच येऊन जाते. अलीकडे हे रंगकाम हा एक व्यवसाय होऊन बसला आहे. त्यातल्या एका लहानशा मालाविषयी, म्हणजे शीतपेयाच्या कंपनीशी हातमिळवणी करून काढलेल्या जुन्या वळणाच्या मनगटी घड्याळांविषयी, येथे लिहावयाचे आहे. विषय ऐकून मैत्रिणी हसल्या. समाजशास्त्राच्या अभ्यासात कोला आणि घड्याळ कोठून आले, असे त्यांचे म्हणणे. ते कोठून आले तेच पाहू.

इ. स. २०२० मध्ये टाइमेक्स या अमेरिकन कंपनीने कोका-कोलाबरोबर ‘१९७१ युनिटी’ या नावाची घड्याळांची मालिका काढली. कोका-कोला कंपनी तर १८८६ सालच्या पेयाची. मग १९७१ हेच साल का? त्याचे उत्तर एका जाहिरातीत आहे. जानेवारी १९७१ मध्ये बिल बॅकर नावाचा जाहिरात-लेखक विमानाने लंडनला निघाला होता. लंडनवर दाट धुके होते, म्हणून विमान आयर्लंडमधील शॅनन येथे उतरविण्यात आले. प्रवासी चिडले, आदळआपट झाली. दुसऱ्या दिवशी तेच प्रवासी उपाहारगृहात कोका-कोलाच्या बाटल्या पुढ्यात घेऊन हसत-बोलत बसलेले त्याला दिसले. त्यावरून त्याला जगाला एकत्र बसविणाऱ्या पेयाची कल्पना सुचली आणि तिचे गाणे झाले. ते गाणे नुसते रेडिओवर वाजले तेव्हा फारसे कोणी विचारले नाही. मग चित्रीकरण करायचे ठरले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पावसाने घात केला आणि अखेर इटलीत रोमजवळच्या एका टेकडीवर देशोदेशींचे तरुण-तरुणी उभे करून ते पुरे झाले. खर्च अडीच लाख डॉलरपर्यंत गेला. जुलै १९७१ मध्ये ही जाहिरात अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आली आणि लोकांनी जाहिरातीसाठी कंपनीला पत्रे लिहिली. एक लाखाहून अधिक, असे कंपनी सांगते. जाहिरातीसाठी पत्र! आपल्याकडे लोक आकाशवाणीला फर्माईश पाठवीत, त्यातलाच हा प्रकार म्हणावा लागेल.

त्या टेकडीवर काय नव्हते, हेही पाहिले पाहिजे. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांच्या वेळी नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले होते, माझ्या-तुमच्याच वयाचे. जाहिरातीतली तरुण मंडळी याच पिढीची, पण तिच्यातला राग तेवढा वगळलेला. म्हणजे स्मरणाला रंग देण्याचे काम २०२० मध्ये सुरू झाले नाही. ज्या दिवसाची आठवण काढायची तो दिवस मुळातच रंगवून ठेवलेला होता.

आता प्रत्यक्ष घड्याळाकडे वळू, कारण मला खरी गंमत तेथे वाटली. या मालिकेत ‘टी ८०’ नावाचे एक घड्याळ आहे. त्याला काटे नाहीत, आकडे आहेत. त्याची चौकोनी ठेवण १९८० च्या दशकातल्या डिजिटल घड्याळांची आहे. परंतु ती जाहिरात प्रथम दिसली त्या जुलै १९७१ मध्ये असे घड्याळ जगातल्या कोणाच्याच मनगटावर नव्हते! आकड्यांचे पहिले इलेक्ट्रॉनिक मनगटी घड्याळ, हॅमिल्टन कंपनीचे ‘पल्सर’, १९७२ च्या एप्रिलमध्ये विक्रीस आले. किंमत २,१०० डॉलर, आणि वेळ पाहण्यासाठी दर वेळी कळ दाबावी लागे. तेव्हा ‘टी ८०’वरचे १९७१ हे इतिहासातले १९७१ नव्हे. इतिहासाच्या पेपरात असे कोणी लिहिले तर सर लाल शाईने गोल करतील. बाजारात मात्र ते चालते, कारण घेणाऱ्याला साल नको असते, ‘जुने’ हवे असते. सत्तरचे आणि ऐंशीचे दशक एकाच ट्रंकेत कोंबलेले असले तरी त्याचे काही बिघडत नाही.

ही विद्या टाइमेक्सला नवी नाही. तिचे मूळ १८५४ च्या वॉटरबरी क्लॉक कंपनीत आहे. १९३३ साली, महामंदीत ही कंपनी डबघाईला आली असताना, वॉल्ट डिस्नेच्या परवान्याने तिने मिकी माऊसचे घड्याळ काढले. मिकीचे हात हेच काटे. त्या घड्याळाने कंपनीला हात दिला. यंत्र कोणते आहे यापेक्षा तबकडीवर कोण आहे यावर घड्याळ विकले जाते, हा धडा त्या वेळी मिळाला तो आजतागायत उपयोगी पडतो आहे.

याचे अर्थकारण सोपे आहे. घड्याळाची केस, यंत्र, काच हे सर्व आधीपासून तयार होत असते. त्याचे साचे आणि अवजारे यांचा खर्च निघून गेलेला असतो. विशेष आवृत्तीसाठी बदलते ती प्रामुख्याने तबकडी, कधी पट्टा, मागचे झाकण आणि खोका. तबकडीवर छपाई करण्याची रीतही साधी : कोरलेल्या पत्र्यावर शाई पसरतात, ती पुसून खाचांत राहिलेली शाई सिलिकोनच्या मऊ बोंडाने उचलतात आणि तबकडीवर टेकवतात. रंग जितके, तितक्या वेळा टेकवायचे. पेयाची कंपनी आपले चिन्ह वापरण्याचा परवाना देते आणि त्यावर रॉयल्टी घेते. शिवाय तिची जाहिरात मनगटावर फिरते आणि जाहिरातीचे पैसे तो मनगटवालाच भरतो. रस्त्यावरच्या फलकाचे भाडे कंपनी देते. येथे फलकच पैसे देऊन स्वतःला लावून घेतो. त्यातून ‘मर्यादित आवृत्ती’ म्हटले की न घेणाऱ्यालाही हुरहूर लागते. हा शब्द मुळात ग्रंथांचा आणि ठशांच्या चित्रांचा. ठसा झिजतो म्हणून प्रती मोजक्याच निघत. घड्याळाच्या कारखान्यात काहीच झिजत नाही. तेथे मर्यादा ठरवून घातलेली असते.

मात्र सगळेच कंपन्यांनी ठरविलेले नसते. रोलेक्स कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात पॅन अमेरिकन विमान कंपनीच्या वैमानिकांसाठी ‘जीएमटी-मास्टर’ हे घड्याळ केले. एकाच वेळी दोन देशांची वेळ कळावी म्हणून काचेभोवती चोवीस तासांचे फिरते कडे बसविले. दिवसाचा भाग लाल, रात्रीचा निळा. पेप्सीशी याचा काडीचाही संबंध नव्हता. पण लोकांना ते रंग पाहून पेप्सीची बाटली आठवली आणि घड्याळाच्या शौकिनांत त्याचे नाव ‘पेप्सी’ पडले ते आजही आहे. पुढे १९८० च्या दशकात लाल-काळे कडे आले, त्याला अर्थातच ‘कोक’ म्हणू लागले. हजारो डॉलरच्या घड्याळाला काही सेंटच्या पेयाचे नाव, आणि तेही करार नाही, परवाना नाही! टाइमेक्सनेही १९७९ साली अशा लाल-निळ्या कड्याचे ‘क्यू’ हे क्वार्ट्झ घड्याळ काढले होते. २०१९ मध्ये तेच पुन्हा काढले. अगदी सेल बदलण्यासाठी मागच्या झाकणात नाण्याने फिरवायची खाच होती, तीही तशीच ठेवली. ते हातोहात संपले. मला हे टोपणनाव आवडते. खेड्यात माणसाला नाव चिकटते तसे ते चिकटले आहे. २०२० चा करार हा या सहज झालेल्या गोष्टीचा सरकारी शिक्क्याचा उतारा आहे.

पेयाची कंपनी आठवणींच्या धंद्यात का पडली, याचे उत्तर १९८५ सालात सापडते. पेप्सीशी स्पर्धा वाढली तेव्हा कोका-कोलाने पेयाची कृतीच बदलली. सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि नवी चव सरस ठरली होती. २३ एप्रिल १९८५ रोजी नवे पेय जाहीर झाले आणि गहजब उडाला. तक्रारीचे दूरध्वनी दिवसाला दीड हजारांवर गेले. ११ जुलैला, म्हणजे ७९ दिवसांत, जुने पेय परत आणावे लागले. जिभेने ज्याला होकार दिला होता त्याला लोकांनी नकार दिला. कारण प्रश्न जिभेचा नव्हताच. बाटलीत साखरपाण्याबरोबर आणखी काहीतरी विकले जाते, हे त्या ७९ दिवसांनी कंपनीच्या ध्यानात आणून दिले असले पाहिजे. त्याच वर्षी कोका-कोलाचे नाव छापलेले कपडेही परवान्याने बाजारात आले, ही बाब मला सूचक वाटते.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात वैद्यकातला आहे. योहान्नेस होफर या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे लिहिलेल्या प्रबंधात तो बनविला. घरच्या ओढीने होणाऱ्या दुखण्याचे नाव म्हणून. त्याने दिलेला एक रुग्ण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. तो मरणाच्या दारात होता, आणि घराकडे न्यायला निघताच वाटेतच त्याला उतार पडू लागला. वसतिगृहातल्या प्रत्येकीला हे पटेल. पहिल्या सत्रात मलाही एस.टी. स्टँडावर गावाची पाटी दिसली तरी बरे वाटे. परंतु त्या तरुणाला परत जायला बर्न होते. १९७१ मध्ये न जन्मलेला माणूस २०२० साली ते घड्याळ घेतो, तेव्हा तो कोठे परत जात असतो?

अर्जुन अप्पादुराई यांनी याला स्मृतीवाचूनचे स्मरणरंजन म्हटले आहे. मुंबईत जन्मलेल्या व एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेल्या या मानवशास्त्रज्ञाचा ‘मॉडर्निटी ॲट लार्ज’ हा ग्रंथ १९९६ चा. जे आपण कधी गमावलेच नाही त्याची उणीव भासवायला जाहिरात शिकविते, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ आहे. वाचताना मला हे नेमके वाटले. पण एक गोष्ट त्यात राहून जाते असेही वाटले. उणीव भासवायची तर कोणाचा तरी भूतकाळ घ्यावा लागतो. तो कोणाचा घेतला जातो?

माझ्या घरी १९७१-७२ म्हटले की माझी आजी दुष्काळ सांगते. ती तेव्हा पोरसवदा होती आणि खडी फोडण्याच्या कामावर जात होती. घड्याळ मुकादमाच्या हातात. बाकीच्यांची वेळ सावलीवर. खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची, असे ती सांगते. जाहिरातीतले तरुण टेकडीवर उभे होते त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या देशातले हे धान्य माझ्या आजीच्या ताटात होते. जग एका पंगतीला बसले म्हणायचे ते असे! आजी हे सांगताना रडत नाही, पुष्कळदा हसते, सोबतच्या बायकांची नावे घेते. तरीही हे स्मरणरंजन नव्हे. ते दिवस परत यावेत असे तिला क्षणभरही वाटत नाही आणि मिलोची मर्यादित आवृत्ती निघण्याची भीतीही नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथम मी चढले. ‘जुने ते सोने’ या विषयावर निबंध लिहायला सांगत तेव्हा मला काय लिहावे ते सुचत नसे, त्याचे कारण आता थोडेसे कळते. ज्यांचा काल बरा होता त्यांनाच तो विकत घेणे परवडते.

माझ्या वर्गमैत्रिणीचा यावर आक्षेप असा, की एवढा विचार करून कोणी घड्याळ घेत नाही. लाल रंग आवडला, घेतले. तिचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. शिवाय घड्याळ वेळ बरोबर दाखविते, बाटलीसारखे संपत नाही, त्या मानाने सौदा वाईट नाही.

आपल्याकडेही हा धंदा आला आहेच. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेल्यावर जी जागा झाली तीत ‘थम्स अप’ आणि ‘कॅम्पा कोला’ वाढले. ‘थम्स अप’ १९९३ मध्ये परत आलेल्या कोका-कोलानेच विकत घेतले. विस्मरणात गेलेले ‘कॅम्पा’ २०२२ मध्ये रिलायन्सने घेतले आणि २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणले. आमच्या उपाहारगृहात ते पिणाऱ्यांतल्या कोणीही पूर्वीचे ‘कॅम्पा’ चाखलेले नाही.

घड्याळाच्या बाबतीत मुंबईचे एक वेगळेच नाव आहे. एच.एम.टी.सारख्या जुन्या चावीच्या घड्याळांच्या आणि जुन्या परदेशी घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून ती विकली जातात. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि नाक मुरडतात. मूळ कंपनीने कधीही न छापलेली चित्रे व रंग त्यांवर असतात, ही त्यांची तक्रार. जुने अंग आणि नवी तबकडी. टाइमेक्सच्या मालिकेत याहून निराळे काय आहे, ते मी शोधून पाहिले. यंत्र नवे आहे, छपाई सुबक आहे आणि परवान्याचा कागद आहे. ‘मुंबई स्पेशल’ला तो कागद नाही. या तबकड्या रंगविणाऱ्या कारागिरांविषयी संग्राहकांनी पुष्कळ लिहिले आहे, पण ते त्या कारागिरांना फसवे ठरविण्यापुरते. सुट्टीत मुंबईला मामांकडे जाणे झाले तर अशा एखाद्या कारागिराला गाठून, कोणती तबकडी रंगवायची हे तो कसे ठरवितो आणि एका तबकडीमागे त्याला किती मिळतात, एवढे तरी विचारायचे आहे.