सागरी भोवरे आणि माशांचे अन्न

मध्यप्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. हिंदुस्तान कॉपर लिमिटेडचा हा प्रकल्प १९८२ मध्ये सुरू झाला. तांब्याचे खनिज भूमीच्या पोटात त्यापूर्वीही होतेच. परंतु ते वर आणल्यावाचून त्याचा उपयोग नव्हता. समुद्राच्या संपत्तीचेही असेच आहे. मासळीच्या अन्नाला आधारभूत असलेले क्षार खोल पाण्यात विपुल असतात. ते वर आणणाऱ्या नैसर्गिक शक्तींपैकी एक म्हणजे सागरी भोवरे होत.

नद्यांचे पाणी आणि समुद्र

बालाघाट जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी त्याचे पाणी दोन समुद्रांना मिळते. बैहरच्या पठारावरील बंजर नदी मंडला येथे नर्मदेला मिळते व ते पाणी अरबी समुद्रात जाते. वैनगंगेचे पाणी प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. या पाण्याबरोबर शेतातील माती, नत्र व स्फुरदही वाहून जातात.

एवढे खत मिळूनही बंगालचा उपसागर अरबी समुद्राच्या मानाने कमी सुपीक आहे. याचे एक प्रमुख कारण असे की, नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी हलके असल्याने ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरते. त्यामुळे खालचे क्षारयुक्त पाणी सहज वर येऊ शकत नाही. नद्यांनी आणलेल्या क्षारांचा बराचसा भाग किनाऱ्यालगतच संपतो. सूर्यप्रकाश केवळ वरच्या थरात पोहोचतो आणि सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, तेथेच वाढू शकतात. प्रकाश वर आणि अन्न खाली, अशी ही अडचण आहे.

भोवरा कसे कार्य करतो?

येथे भोवरा म्हणजे नदीच्या डोहातील लहान भोवरा नव्हे. सागरी भोवऱ्याचा व्यास अनेकदा शंभर किलोमीटर किंवा त्याहून अधिक असतो व तो कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने टिकतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी आपल्या उजवीकडे वळू पाहते. भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असेल, तर त्याच्या मध्यभागी समुद्राची पातळी किंचित खाली जाते आणि खालचे थंड, क्षारयुक्त पाणी घुमटासारखे वर उचलले जाते. हा शीतगर्भी भोवरा होय. काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या उष्णगर्भी भोवऱ्यात याच्या उलट घडते. पोषक पाणी अधिक खोल दाबले जाते.

क्षार प्रकाशात आले की काही दिवसांत वनस्पती-प्लवक वाढतात. त्यांवर प्राणी-प्लवक, त्यांवर लहान मासे आणि लहान माशांवर सुरमई, कुपा यांसारखे मोठे मासे जगतात. अर्थात भोवरा निर्माण झाला की लगेच जाळे भरते असे नाही. या साखळीला वेळ लागतो.

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या प्रसन्न कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंगालच्या उपसागरातील शीतगर्भी भोवरे हे झाकण भेदून जैविक उत्पादन वाढवितात, असे दाखविले.

मच्छीमारांना उपयोग

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी मोजलेले समुद्रपृष्ठाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य यांच्या आधारे मासळी मिळण्याची संभाव्य क्षेत्रे मच्छीमारांना कळविते. भोवऱ्यांच्या कडांवर थंड व उष्ण पाण्याच्या सीमा तयार होतात. त्या अशा चित्रांत ओळखू येतात. शोधासाठी लागणारा वेळ व डिझेल यांची त्यामुळे बचत होते. मात्र मासळीचा ठाव लागला म्हणून अमर्याद पकड केल्यास साठाच संपेल.

धोक्याची सूचना

समुद्राचा पृष्ठभाग तापला की वरचा थर अधिक हलका होतो व झाकण अधिक घट्ट बसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले की, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाली. भोवऱ्यांनी उचलून आणावयाचे अन्नच अधिक खोल राहिले, तर त्याचा फटका अखेर किनाऱ्यावरील कुटुंबांना बसतो.

शेतकऱ्यासही यातून बोध घेता येईल. शेतातून वाहून गेलेले खत समुद्रात मासळी होऊन परत येईलच असे नाही. उलट, किनाऱ्यालगत नत्र अती झाल्यास शेवाळ माजते व ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. बांध घालून माती अडविणे हे शेताच्या हिताचे आहे आणि समुद्राच्याही.

प्रयोग : काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्यावे. त्यावर चमच्याच्या पाठीवरून रंगीत गोडे पाणी हळूच सोडावे. रंगीत थर वर कसा टिकून राहतो, हे विद्यार्थ्यांना दाखवावे. नंतर ते पाणी ढवळावे.

स्वाध्याय

१. नद्यांचे खत मिळूनही बंगालचा उपसागर कमी सुपीक का?
२. शीतगर्भी व उष्णगर्भी भोवऱ्यांतील फरक सांगा.
३. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या समुद्राला मिळते, ते नकाशावर शोधा.