तटस्थता कीं करार? बेल्जियमच्या इतिहासापासून धडा

वाचकहो, दोन बलाढ्य शेजारी हातघाईवर आले असतां मध्यें सांपडलेल्या दुबळ्यानें काय करावें? हा प्रश्न जसा घराला, तसाच राष्ट्रालाही पडतो. फ्रान्स व जर्मनी यांच्यामध्यें वसलेल्या बेल्जियम या लहानशा देशानें त्याचीं दोन्ही उत्तरें करून पाहिलीं आहेत. त्यांचा आपण क्रमानें विचार करूं.

(१) वचनाचें ओझें. सन १८३९ मध्यें लंडनच्या तहानें ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑस्ट्रिया व रशिया यांनीं बेल्जियमच्या तटस्थतेची हमी घेतली, आणि बेल्जियमनेंही सर्वांशीं सारखें वागण्याचें पत्करलें. ता. २ आगस्ट १९१४ रोजीं सायंकाळीं जर्मनीनें निरोप धाडिला कीं, आमच्या सैन्यास वाट द्या; युद्ध संपतांच आम्ही देश सोडूं व नुकसान भरून देऊं. उत्तरास मुदत बारा तासांची. परंतु एकाला वाट देणें म्हणजे दुसऱ्याचें वैरी होणें. राजा आल्बर्ट व त्याचे मंत्री यांनीं नकार दिला. ता. ४ रोजीं जर्मन सैन्य आंत शिरलें, आणि तहाला जागून ब्रिटन युद्धांत उतरलें. हजारों निःशस्त्र नागरिक मारले गेले. लुव्हेन येथील विद्यापीठाचें ग्रंथालय जळालें. आक्टोबराच्या अखेरीस बेल्जियन लोकांनीं न्यूपोर्ट येथील बंधाऱ्यांचे दरवाजे उघडून समुद्राचें पाणी आपल्याच शेतांत घेतलें, व यसर नदीपाशीं शत्रूला थोपविलें. शेतकरी वाचकांस त्या त्यागाचें मोल सांगावयास नको.

(२) एकट्याची अडचण. पुढें १९२० मध्यें बेल्जियमनें फ्रान्सशीं लष्करी करार केला. पण १९३६ मध्यें जर्मनीनें ऱ्हाइनलँडांत सैन्य आणिलें, तेव्हां फ्रान्सच्या भांडणांत आपण ओढले जाऊं या भयानें राजा तिसरा लिओपोल्ड याच्या कारकीर्दीत तो करार सोडून देश पुन्हा अलिप्त झाला. अलिप्त राहावयाचें म्हणून फ्रान्स व ब्रिटन यांच्या सैन्यांस आधीं आंत घेतां येईना. ता. १० मे १९४० रोजीं जर्मनीनें हल्ला केल्यावरच तीं सैन्यें आंत आलीं. अठरा दिवसांनीं, ता. २८ रोजीं, बेल्जियन सैन्य शरण गेलें.

(३) नवा मार्ग. युद्धानंतर बेल्जियमनें तटस्थता सोडली. १९४८ मध्यें ब्रुसेल्सचा तह झाला, व १९४९ मध्यें तो देश उत्तर अटलांटिक करारांत सामील झाला. येथेंही किंमत आहेच; मित्राचा शत्रु तो आपला शत्रु होतो.

बोध. वाटेवर ज्याचें घर आहे, त्याला निर्धास्त राहण्याचा मार्ग सहसा सांपडत नाहीं. १९१४ सालीं देश गेला, पण शब्द राहिला, आणि शब्द राहिला म्हणून साह्यकर्ते आले. १९४० सालीं साह्यकर्ते आले, पण त्यांच्याशीं आधीं पुरेशी मसलत झालेली नव्हती. यास्तव लहानानें दोन गोष्टी संकटापूर्वींच ठरवाव्या: आपण कोणाला काय वचन दिलें आहे, आणि तें पाळावयास काय द्यावें लागेल.

चर्चेसाठीं प्रश्न.
१. बेल्जियमनें १९१४ सालीं वाट दिली असती, तर फ्रान्सनें त्याला तटस्थ मानलें असतें काय?
२. १९३६ सालीं करार सोडण्यांत शहाणपण कोणतें, व धोका कोणता?