सर्फ बोट घेताना : बेस मॉडेल की टॉप?

प्रश्न : आम्ही मढचे. घरचा धंदा मासेमारीचा. धाकट्या भावाला वेक सर्फिंगचं वेड लागलंय. पुढेमागे पर्यटकांसाठीही काही करता येईल, म्हणून खास त्यासाठीची परदेशी बोट घ्यायचं मनात आहे. एकाच बोटीची तीन मॉडेलं दाखवतात : बेस, मधलं आणि टॉप. किमतीत मोठा फरक आहे. विक्रेता म्हणतो, घेताय तर टॉपच घ्या. आमच्या पाण्याला कुठलं बरं? आणि सध्या आहे ती आउटबोर्डची फायबर बोट वापरून भागणार नाही का?
— एक वाचक, मढ

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. आउटबोर्डवर हा खेळ करू नका, एकदाही नाही. वेक सर्फिंगमध्ये खेळणारा बोटीच्या मागे जेमतेम तीन-चार मीटरवर असतो. सुरुवातीला तो दोरी धरून उभा राहतो, लाट पायाखाली लागली की दोरी सोडतो आणि नुसत्या लाटेच्या जोरावर पुढे जात राहतो. लाट त्याला बोटीकडेच ढकलत असते. आउटबोर्डचा पंखा नेमका तिथं, बोटीच्या मागे उघडा फिरत असतो. सर्फ बोटीत इंजिन आत असतं आणि पंखा बुडाखाली, मागच्या कडेपासून बराच पुढे. या खेळासाठी वेगळी बोट लागते ती मुळात याच कारणानं.

आता मॉडेलांकडे. ही बोट वेगासाठी घेत नाहीत, वजनासाठी घेतात. सर्फिंग चालतं ताशी साधारण १६ ते १९ किलोमीटरनं. त्या वेगाला बोट पाण्यावर उचलली न जाता मागून खोल बसली पाहिजे. जितकं पाणी बाजूला सारलं जाईल तितकी लाट मोठी. म्हणून मुळातच दोन-अडीच टनांच्या बोटीत टाक्या आणि पिशव्यांमधून आणखी टनभर ते दीड टन पाण्याचं नीरम (बॅलास्ट) भरतात. पूर्वी सगळं नीरम एका कुशीला भरून बोट मुद्दाम कलती चालवत. २०१२-१३ च्या सुमारास मालिबू आणि नॉटिक या अमेरिकन कंपन्यांनी मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या बसवल्या. एका बाजूची पट्टी बाहेर आली की त्या बाजूचं पाणी मागे उशिरा मिळतं आणि दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ, लांब होते. बटण दाबलं की लाट डावीकडची उजवीकडे. डावा पाय पुढे ठेवणारा आणि उजवा पाय पुढे ठेवणारा असे दोघंही एकाच बोटीमागे खेळू शकतात. ही सोय आणि जीपीएसवर वेग धरून ठेवणारी यंत्रणा, या दोन गोष्टी बेस मॉडेलात नसतील तर ते मॉडेल सोडून द्या. त्यांच्याशिवाय पर्यटकाला शिकवणं फार जड जाईल.

यापुढची निवड एका प्रश्नावर करा : हे नंतर बसवता येईल का? बोटीचा सांगाडा, इंजिन, गिअर आणि इंजिन थंड करायची पद्धत या गोष्टी कारखान्यात ठरतात. पुढे बदलायच्या म्हटल्या तर खर्च फार आणि काम क्वचितच मनासारखं होतं. स्पीकर, दिवे, बोर्ड अडकवायचे रॅक, जास्तीच्या नीरमाच्या पिशव्या, गाद्यांची कव्हरं हे सगळं मुंबईत मिळतं आणि बसवूनही मिळतं. टॉप मॉडेलची किंमत बरीचशी या दुसऱ्या गटामुळे चढते : मोठा पडदा, बटणावर दुमडणारा टॉवर, भारी साउंड, गरम होणारी आसनं. थंड देशातल्या तळ्यावर गरम आसनाचं मोल असेल, मढला त्याचे पैसे का द्यायचे?

आणि आपल्याकडे हे पैसे दुप्पट लागतात असं धरून चाला. या बोटी अमेरिकेतच लाख डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि टॉपला दोन लाखांच्या पुढे जातात. वर वाहतूक आणि सीमाशुल्क. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडा-विहाराच्या बोटींवरचा जीएसटीही २८ वरून ४० टक्के झाला. कारखान्यातून बसवून आलेल्या स्पीकरवरसुद्धा हा सगळा कर चढतो.

तुमच्या बाबतीत खरा पैसा कुठं घालायचा तर खाऱ्या पाण्यावर. या बोटी गोड्या तळ्यांसाठी जन्मल्या आहेत. पुष्कळ इंजिनं बाहेरचं पाणी थेट आत ओढून थंड होतात. खाडीचं पाणी त्यातून फिरलं की आतून गंज धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बंद पद्धतीत इंजिनात कूलंट फिरतो आणि समुद्राचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरपर्यंत येतं. कुठल्याही मॉडेलवर ही बंद पद्धत मिळत असेल तर ती आधी मागा, बाकी यादी मग. बुडाखालचे, गंज स्वतःवर घेणारे अॅनोड खाऱ्या पाण्याचे, म्हणजे जस्ताचे किंवा अॅल्युमिनिअमचे हवेत. गोड्या पाण्यासाठी लावलेले मॅग्नेशिअमचे तसेच आले तर खाडीत झपाट्यानं झिजून जातील. ट्रेलर गॅल्व्हनाइज्ड घ्या. कंपनीच्या रंगाशी जुळणारा रंगवलेला ट्रेलर दिसतो छान, पण खाऱ्या पाण्यात चाकं बुडवून बोट उतरवायची म्हटल्यावर तो फार काळ टिकत नाही.

जुनी बोट बघायला गेलात तर टॉवरचे बोल्ट जवळून पाहा. अॅल्युमिनिअमच्या पाइपात स्टेनलेसचा बोल्ट शिरतो तिथं रंगाखाली बारीक फोड येतात. नखानं उचकटले की आतून पांढरी भुकटी पडते. ती दिसली तर समजा, बोट खाऱ्या पाण्यात चालली आणि नंतर कोणी धुतली नाही. मग इंजिनाचं काय झालं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. मासेमारीच्या बोटीवर वाढलेल्या माणसाला हे जास्त सांगायला नको.

नीरमाचे पंपही तपासा. तुमच्या खाडीच्या पाण्यात गाळ आहे, हंगामात जवळा आहे. तो आत ओढला की रबरी पात्यांचे पंप लवकर निकामी होतात. पाणी आत येतं तिथं गाळणी हवी आणि ती हातानं उघडून साफ करता आली पाहिजे. रोजच्या रोज टाक्या आणि इंजिन गोड्या पाण्यानं धुण्याची जोडणी बेस मॉडेलात नसेल तर ती जरूर घ्या. मढला गोडं पाणी किती आणि केव्हा मिळतं हे तुम्ही जाणताच. धुण्यासाठी पाणी साठवायची सोय बोटीच्या आधी करा.

इंजिनाच्या ताकदीत काटकसर नको. भरलेलं नीरम आणि आठ-दहा माणसं घेऊन सर्फिंगचा वेग धरायचा म्हणजे छोटं इंजिन सतत जोरावर राहतं. मधलं इंजिन बहुधा पुरतं, सगळ्यात मोठ्याची गरज नसते. पण एक गोष्ट लेखी विचारा : आपल्या पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि बोटीच्या इंजिनांना उत्पादक साधारण १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. अमेरिकेत १५ टक्क्यांचं पेट्रोल बोटीत घालायला बंदी आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि बोट पावसाळाभर उभी राहिली की टाकीत पाणी वेगळं होऊन बसतं. इंजिनाची हमी या पेट्रोलावर लागू राहील का, आणि खाऱ्या पाण्याच्या गंजावर लागू आहे का, याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

एक जोडणी मात्र किंमत न बघता घ्या. एक्झॉस्टचा धूर बोटीच्या मागच्या फळीवर (स्विम प्लॅटफॉर्म) आणि खेळणाऱ्याच्या तोंडावर येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. धुराचा नळ खाली वळवून पंख्याच्या प्रवाहात सोडणारी जोडणी मिळते. ती हवीच, आणि त्या फळीवर बोट चालू असताना कोणाला बसू देऊ नका.

आता पाण्याबद्दल, कारण बोट घ्यायची की नाही हे शेवटी त्यावरच ठरतं. चांगली लाट उठायला बोटीखाली निदान तीन मीटर पाणी लागतं, पाच असेल तर उत्तम. उथळात लाट बसते आणि पंखा तळचा गाळ उपसतो. उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो, म्हणजे भरतीला खेळलात ती जागा ओहोटीला उघडी पडलेली असू शकते. बाहेर समुद्रात खोली आहे, पण हा खेळ सपाट पाण्याचा. दिवाळीनंतरच्या महिन्यांत, वारा सुटायच्या आत, सकाळचे काही तास तेवढे मिळतील. बाहेर जाताना नीरम भरून जाऊ नका. भरलेल्या बोटीची नाळ खाली बसलेली असते आणि एक मोठी लाट आत घेतली तर सावरायला वेळ मिळत नाही.

खाडीच्या तोंडाशी खेळायचा विचार असेल तर माझा स्पष्ट विरोध आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यानं २०२४ मध्ये नियम केला : सर्फची लाट काढायची तर काठापासून ५०० फूट दूर आणि निदान २० फूट खोल पाण्यात. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनंही २०२२ मध्ये ५०० फुटांहून अधिक अंतर सुचवलं होतं. वर्सोवा-मढ फेरी जाते तिथं दोन्ही काठांकडून दीडशे मीटर सोडले तर मध्ये काय उरतं ते तुम्ही रोज बघता. फेरीत टोपल्या घेतलेल्या बायका चढत-उतरत असतात, दुचाक्या चढवत असतात, काठाला होड्या बांधलेल्या असतात. तीन फुटांची लाट तिथं आदळली तर कोणाचा तरी हात चेंगरेल. डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये कुठं आहेत हेही तुम्हालाच सांभाळायचं आहे. पर्यटकाला ते कळणार नाही.

आणि मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बोट उभीच राहणार, हे हिशेबात धरा. धंदा करायचा तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची नोंदणी आणि परवानगी, विमा, लाइफ जॅकेटं हे सगळं बोट येण्याआधी मार्गी लावा.

तेव्हा माझा कौल असा : बेस मॉडेलचा सांगाडा, त्यावर मधलं इंजिन, बंद पद्धतीचं कूलिंग, लाट फिरवणाऱ्या पट्ट्या, धुराची जोडणी आणि गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर. विक्रेता या गोष्टी सुट्या देत नसेल तर मधलं मॉडेल घ्या. टॉप नको. आणि सही करण्याआधी गावातल्या दोन-तीन जुन्या तांडेलांना सोबत घेऊन, भांगाला आणि उधाणाला, कुठं किती पाणी राहतं ते मोजून या. तीन मीटर पाणी आणि काठापासून दीडशे मीटर अंतर देणारी जागा सापडली नाही, तर बोट घेऊ नका.