दोन टनांचा एसी घेतला तर बिल कमी येईल?

प्रश्न : डोंबिवलीत शेवटच्या मजल्यावर आमची १२ बाय १० फुटांची बेडरूम आहे. दुकानदार म्हणतो, "दीडऐवजी दोन टनांचाच घ्या. खोली पटकन गार होईल, कॉम्प्रेसर कमी चालेल, बिलही कमी येईल." हे खरं आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खोली पटकन गार होईल, एवढं खरं. पण आपल्या किनारपट्टीच्या हवेत तीच अडचण आहे.

एसीला दोन कामं करायची असतात : खोलीतली उष्णता बाहेर टाकायची आणि हवेतला दमटपणा काढायचा. पहिलं काम झटपट होतं, दुसऱ्याला वेळ लागतो. हवा थंड कॉइलवरून फिरत राहिली की तिच्यातली वाफ पत्र्यांवर धरते, थेंब जमतात, ट्रेमध्ये उतरतात आणि पाइपातून बाहेर पडतात. त्यासाठी कॉम्प्रेसर बराच वेळ सलग चालावा लागतो. गरजेपेक्षा मोठा एसी ठरवलेलं तापमान आधीच गाठतो आणि कॉम्प्रेसर थांबतो. आतला पंखा मात्र फिरत राहतो, त्यामुळे पत्र्यांवरचं पाणी पुन्हा खोलीतल्या हवेत मिसळतं. आकडा २४ दाखवतो, तरी अंग चिकचिकतं. मग आपण रिमोटवर २० करतो आणि वाचणार म्हटलेलं बिल उलट वाढतं.

इन्व्हर्टर एसीत हा त्रास कमी होतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो. पण त्यालाही खालची मर्यादा असते. जुलैच्या रात्री बाहेर २६ अंश आणि हवा ओलीचिंब असते, तेव्हा काढायची उष्णता थोडीच असते. दोन टनांचा इन्व्हर्टरही मग चालू-बंद करू लागतो.

मग माप किती? १ टन म्हणजे सुमारे ३,५०० वॉट उष्णता ओढण्याची क्षमता. १२० चौरस फुटांच्या मधल्या मजल्यावरच्या खोलीला साधारण १ टन पुरतो. तुमच्या डोक्यावर तापलेला स्लॅब आहे, म्हणून दीड. भिंत किंवा मोठी खिडकी पश्चिमेला असली, तरी दीडवर भागावं. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो, म्हणजे दोघांच्या झोपण्याने हिशेब फारसा बदलत नाही. स्लॅबने आणि काचेने बदलतो. खरेदी करताना लेबलवरचे वॉट जरूर वाचा. दीड टन म्हणजे सुमारे ५,२०० वॉट, पण त्याच नावाने त्याहून बऱ्याच कमी क्षमतेची मॉडेल्सही विकली जातात.

नागपूरच्या वाचकांनी मात्र हाच हिशेब जसाच्या तसा उचलू नये. लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तोच एसी कमी गारवा देतो, शिवाय तिथली उन्हाळी हवा कोरडी. तिकडे थोडं मोठं माप चालतं.

सोसायटीची परवानगी मिळाली, तर एसी घेण्याआधी गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप लावून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. त्यानंतर माप नव्याने काढा. कदाचित १ टनातच काम होईल.