होळीच्या लाकडातील भुंग्याचे घर : माघ-फाल्गुनात वांगी व शेवगा उत्पादकांसाठी सल्ला

माघ उतरणीला लागला की जोगेश्वरी पूर्वेच्या टोकापासून आरेच्या पाड्यांपर्यंत पांगारा आणि काटेसावर पाने झाडून फुलावर येतात, बांधावरचे गिरिपुष्प गुलाबी होते, आणि याच सुमारास परसातल्या शेवग्यावर व वांग्याच्या सरींवर काळ्या, जाडजूड भुंग्यांची ये-जा वाढते. थंड प्रदेशातील शेतकऱ्यांना या ऋतूत बंबलबी नावाच्या केसाळ माशीच्या राणीची काळजी घेण्यास सांगितले जाते, कारण जमिनीत एकटीने हिवाळा काढलेली ती राणी वसंतात बाहेर पडून नवी वसाहत उभारते आणि ती मेली तर पुढची सारी वसाहतच जन्माला येत नाही. भारतात बंबलबी हिमालयाच्या रांगांत आणि ईशान्येकडील डोंगरांत आढळते. कोकणच्या उष्ण, दमट हवेत तिचे काम मुख्यतः भुंगा करतो. तेव्हा मुंबई उपनगरातील उत्पादकाने जपायची ती भुंग्याची मादी.

भुंग्याच्या झायलोकोपा या शास्त्रीय नावाचा अर्थच लाकूड कापणारा असा आहे. मधमाश्यांप्रमाणे यांच्यात राणी आणि कामकरी अशी विभागणी नसून, प्रत्येक मादी स्वतःच राणी, स्वतःच सुतार आणि स्वतःच दाई असते. वाळक्या फांदीत किंवा मऊ पडलेल्या खोडात ती जबड्याने सुमारे बोटभर जाडीचे, कंपासाने आखल्यासारखे गोल भोक पाडते, आत वळून लाकडाच्या रेषेने बोगदा खोदते, त्यात पराग व मकरंद कालवून केलेला गोळा ठेवते, त्यावर एकच अंडे घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढच्या खोलीची तयारी करते. हिची अंडी संख्येने थोडी, पण आकाराने कीटकांमधील सर्वांत मोठ्या अंड्यांत गणली जावीत एवढी मोठी असतात. एका बोगद्यात साधारणपणे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच पिल्ले वाढत असल्यामुळे असे एक लाकूड जळाले तर झालेली तूट लवकर भरून येत नाही, आणि या लेखातील सगळ्या सूचनांचे मूळ याच गोष्टीत आहे.

वांग्याला भुंग्याची गरज का पडते, हे फुलाच्या रचनेवरून कळते. बहुतेक फुलांत परागकोष, म्हणजे पराग साठवणाऱ्या पिशव्या, उभ्या चिरेने उकलतात आणि पराग उघड्यावर येतो. वांगी व टोमॅटो यांच्या परागकोषांना मात्र टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग मिठाच्या डबीतल्या मिठासारखा आत अडकून राहतो. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख स्थिर ठेवून उडण्याचे स्नायू वेगाने थरथरवतो आणि त्या हादऱ्याने पराग छिद्रांतून बाहेर उडतो. यास कंपन-परागीभवन म्हणतात. सातेरी किंवा आग्या मधमाशीला हे जमत नाही, म्हणून केवळ मधपेटी ठेवून वांग्याच्या फळधारणेचा प्रश्न सुटत नाही. वांग्याचे फूल स्वतःच्या परागानेही फळते आणि वाऱ्यानेही थोडेफार हलते, परंतु कंपन मिळालेल्या फुलांत फळ धरण्याचे प्रमाण आणि फळातील बियांची भर वाढते. सकाळी ऊन अंगावर येऊ लागल्यानंतर सरीजवळ दहा मिनिटे शांत उभे राहिल्यास उडत्या भुंग्याचा खालचा, घोगरा स्वर फुलावर बसताच चढतो, हे कानांनाही कळते. तो चढलेला स्वर म्हणजे त्या फुलाचे काम सुरू असल्याची खूण.

आता नुकसान कोठे होते ते पाहावे. फाल्गुन पौर्णिमेच्या आधी पाड्यांत, चाळींत आणि सोसायट्यांत होळीसाठी वाळकी लाकडे गोळा होतात, आणि त्यांत नेमकी तीच मऊ, पोकळ, काही हंगाम उभी वाळलेली लाकडे हाताला लागतात जी भुंग्याच्या मादीने घरासाठी निवडलेली असतात. होळी हा सण मोडण्याचे काहीच कारण नाही. लाकूड रचण्यापूर्वी प्रत्येक ओंडका फिरवून पाहावा, गोल भोक आणि त्याखाली ताजा, पिवळसर भुसा दिसला तर तो ओंडका बाजूला काढून कुंपणाला आडवा टेकवून ठेवावा, एवढेच पुरेसे आहे. एक ओंडका कमी झाल्याने होळी लहान होत नाही. हीच तपासणी राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जागा फांद्या व पालापाचोळा जाळून तयार करताना, आणि पावसाळ्यापूर्वी झाडांची छाटणी होते तेव्हाही करावी. पांगारा, आंबा, गिरिपुष्प यांची मेलेली फांदी घरावर, तारेवर किंवा वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर ती झाडावरच राहू द्यावी. स्वच्छ बाग दिसायला चांगली असली तरी वांगी लावणाऱ्याला ती महाग पडते.

जेथे वाळके लाकूड उरलेलेच नाही, तेथे घर पुरवता येते. करंगळी ते अंगठा जाईल एवढ्या पोकळीच्या वाळलेल्या बांबूचे वीतभर किंवा थोडे लांब तुकडे असे कापावेत की एका बाजूला पेर बंद राहील, त्यांची मोळी बांधून ती छपराच्या वळचणीला, तोंड पूर्वेकडे ठेवून, आडवी व घट्ट बसवावी, कारण वाऱ्यावर झुलणारे घर मादी पसंत करत नाही. लाकडातच राहणाऱ्या जातींसाठी पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडाच्या ठोकळ्यात सुमारे 12 मिलिमीटर रुंद आणि दोन बोटे खोल भोक पाडून दिले तर पुढचे खोदकाम मादी स्वतः करते. ब्राझीलमधील कृष्णफळाचे, म्हणजे पॅशनफ्रूटचे, उत्पादकही बागेत भुंग्यांसाठी अशी लाकडे ठेवतात, कारण त्या वेलीचे मोठे फूल भुंग्याच्या अंगाइतकेच रुंद अंग मागते. घराच्या खांबात किंवा वाशात भोके पडू लागली तर रॉकेलचा बोळा कोंबून मादी मारण्याऐवजी लाकडाला रंग किंवा तेल द्यावे आणि शेजारी बांबूची मोळी लावावी. डंख केवळ मादीला असतो, तोही ती दाबली गेल्याशिवाय सहसा वापरत नाही. तोंडासमोर घिरट्या घालणारा नर पूर्णतः निरुपद्रवी असतो, हे मुलांना सांगून ठेवावे.

फवारणीचा विषय अधिक नाजूक आहे. शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार औषध मारले जाते आणि फुले संध्याकाळी मारलेल्या औषधाने माखून सकाळी पुन्हा भुंग्यापुढे येतात. सुकलेले शेंडे अळीसकट खुडून नष्ट करणे, कामगंध सापळे लावणे, 5 टक्के निंबोळी अर्क वापरणे या उपायांनी भागत असेल तर रासायनिक औषध टाळावे, आणि टाळता येत नसेल तर कीड लागलेल्या सरीपुरतेच, फुलांवर न उडवता वापरावे. सूर्यास्तानंतर फवारा, म्हणजे परागवाहक सुरक्षित, असे सरसकट सांगितले जाते, परंतु महाराष्ट्राला ते पूर्णपणे लागू पडत नाही: भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात भुंग्याची एक जात चंद्राच्या उजेडातच नव्हे, तर केवळ ताऱ्यांच्या प्रकाशातही रंग ओळखत उडते असे 2008 मध्ये दिसून आले, आणि तेथील वारस वृक्षाच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर भुंगे येतात.

भुंग्याचा संसार वर्षभर चालतो, तर वांग्याचा बहर काही महिन्यांचाच असतो, म्हणून मधला काळ भरून काढणारी फुले लागतात. शेवगा व गिरिपुष्प आता फुललेले आहेत. त्यानंतर चैत्र-वैशाखात करंज, बहावा आणि ताम्हण येतात, आणि पावसाळा ओसरल्यावर तूर व बांधावरचा खुळखुळा. कुंपण लावताना यांतली दोन झाडे निवडणे आणि फुललेला खुळखुळा तण म्हणून उपटून न टाकणे, यासाठी वेगळा खर्च लागत नाही. भुंगा काही लांबट फुलांना तळाशी चीर पाडून परागाला स्पर्श न करता मकरंद काढून घेतो, हेही खरे आहे, परंतु वांगी आणि शेवग्याच्या बाबतीत ती तक्रार उरत नाही.

बाहेरून बंबलबीची खोकी मागवण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने चिलीचे उदाहरण लक्षात घ्यावे, जेथे 1998 मध्ये परागीभवनासाठी आणलेली युरोपीय जात रानात पसरली आणि तेथील मूळची सोनेरी बंबलबी झपाट्याने घटत गेली. जोगेश्वरीच्या परसाला त्याची गरज नाही. होळीतून वाचवलेला ओंडका मात्र मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी वळचणीखाली, भोकाचे तोंड किंचित खाली झुकवून हलवावा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. आणि जी भोके भुशाने बंद आहेत, त्यांतली पिल्ले बाहेर पडेपर्यंत त्यांना हात लावू नये.